मोडलेल्या लग्नाचा केक

"लग्न मोडलं, केक मात्र शाबूत आहे," असं म्हणत बेकरीवाल्या बाईंनी भलामोठा खोका काउंटरवर ठेवला. "तीन मजली आहे. मुरलेला फ्रूट केक, महिनाभर आधी करून ठेवावा लागतो. वरचं आयसिंग तुमच्या आवडीचं करून देते. त्यांचा ॲडव्हान्स बुडाला, तुमचं नशीब उघडलं. अर्ध्या किमतीत घेऊन जा."

तिला हसू आलं. दुसऱ्याच्या मोडलेल्या लग्नाचा केक आपल्या लग्नात कापायचा! पण तिचंही हे दुसरं लग्न. शकुन-अपशकुनाचे लाड तिला आता परवडणारे नव्हते. हॉल, जेवण आणि नवऱ्याकडच्या पाहुण्यांची सोय यात बजेटचं कंबरडं मोडलं होतं. केकसाठी जे उरलं होतं त्यात एखाद्या पोराचा वाढदिवस जेमतेम साजरा झाला असता.

आणि होणारा नवरा तर आज भलताच रंगात होता. एरवी दुकानात पाय टाकला की घड्याळ बघणारा माणूस, आज खुर्चीत मांडी ठोकून बसला होता. संत्र्याचा चाखून झाला, चॉकलेटचा झाला, व्हॅनिलाचा दोनदा झाला. "बाई, तो मघाचा जरा परत द्या बघू," हे तिसऱ्यांदा. बाई वैतागून तिच्याकडे बघत होत्या. तिला मात्र बरं वाटत होतं. आपल्यासाठी कुणी असा वेळ काढल्याला फार वर्षं झाली होती. घरून निघताना आईसुद्धा म्हणाली होती, "निवांत जा. मुंगीला मी बघते, तू घाई करू नकोस." गोड दिसलं की ही हजर, म्हणून लेकीचं नाव मुंगी.

खोक्याचं झाकण निघालं. तिने सवयीने विचारलं, "यात काय काय आहे?"

"मनुका, संत्र्याची साल, आणि आयसिंगच्या खाली वाटलेल्या बदामाचा बोटभर थर. त्याच्याशिवाय हा केक कसला?"

तिने हात मागे घेतला. "मग नको. माझ्या मुलीला बदाम चालत नाही. तोंडात गेला की ओठ सुजतात, श्वास अडकतो. मागे हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं."

"अगं बाई! मग याला हातसुद्धा लावू नका, ताई," म्हणत बाई झाकण बसवायला लागल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "हाच बांधा."

विसरला असेल, तिला वाटलं. एवढ्या गडबडीत होतं माणसाचं. तिने त्याला कोपराने ढोसलं. "अरे, मुंगी!"

"माहितीये गं मला." त्याने रुमालाला बोटं पुसली. "पण मुंगी कुठे असणार आहे तिथे?"

ही कसली थट्टा, म्हणून ती हसली. तो हसला नाही.

"म्हणजे काय? ती माझ्यापुढे फुलं घेऊन चालणार आहे. आठवडाभर घरात दुसरं काही सुरू नाही. उशी घेऊन चालतेय, पातेलं घेऊन चालतेय..."

"हे बघ, शांतपणे ऐक. आमच्याकडे लोक काय म्हणतील, याचाही विचार करायला हवा ना? आणि लगेच तिघांचा संसार नको, असं माझ्या आईचं म्हणणं आहे. थोडी वर्षं तुझ्या ताईकडे राहील. तिथे शाळाही बघून ठेवलीय. तुझ्या आईंशी सगळं बोलणं झालंय."

बेकरीवाल्या बाईंच्या हातातला दोरा तसाच लोंबकळत राहिला.

"माझ्या आईशी?" तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "माझी आई हो म्हणाली?"

"अगं, त्यांनीच तर सुचवलं. तू समोर असलीस की रडारड होणार, पाय निघणार नाही. म्हणून म्हटलं, आजच जाऊ दे."

"आज?"

त्याने केकच्या तुकड्यांची बशी पुढे ओढली.

तिचा हात आधी पर्समध्ये गेला. श्वास अडकला तर टोचायचं इंजेक्शन तिथेच होतं. म्हणजे ते मुंगीजवळ नव्हतं. कसाबसा फोन काढून तिने आईचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. वाजतच राहिला.

उचलला तो मुंगीने. मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"आई! आम्ही मावशीकडे चाललोय. खिडकी मला मिळालीये!" मग आवाज एकदम बारीक झाला. "आजी म्हणते, तू केक घेऊन मागच्या गाडीने येणार आहेस. येणार ना, आई?"

फोनमधला शब्द न् शब्द त्याच्यापर्यंत पोचत होता. तो पुढे वाकून कुजबुजला, "हो म्हणून टाक. तेवढंच लेकराला बरं वाटेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स खांद्याला अडकवली आणि दुकानाचं दार ढकललं.

"हो गं राणी," पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली, "ही बघ, निघालेच."