मांडव अंगणातच हवा

"लॉनवाला मांडव टाकाले तयार नाई म्हणते," विहीणबाई फोनवर म्हणाल्या, आणि छायाच्या हातातलं हळदीचं ताट तसंच अधांतरी राहिलं.

नागपूर महानगरात सोसाट्याचे वारे सुटणार, असा इशारा निघाला होता. कापडी मांडव उभारू नका, जाहिरातींच्या फलकांखाली थांबू नका. टीव्हीवरची पोरगी सकाळपासून हात उडवून उडवून सांगत होती. आणि लेकीचं, अंकिताचं लग्न परवावर आलेलं, तेही नागपूरच्या लॉनवर.

त्या लॉनवर छायाचा आधीपासूनच राग. इथे आर्वीला तिचे यजमान आनंदराव खुब्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर पडलेले. डॉक्टरांनी गाडीत बसायला साफ मनाई केलेली. लग्न आर्वीत घ्या म्हणून तिनं किती विनवलं. पण नवरदेवाचे मोठे काका बबनराव अडून बसले. आमची माणसं खेड्यापाड्यात तडफडायला येणार नाहीत, म्हणाले. आर्वीला खेडं म्हटलेलं आर्वीकरांना किती झोंबतं, हे नागपूरवाल्यांना कोण सांगणार! विहीणबाई तेव्हा चहाच्या कपात बघत बसल्या होत्या. मोठ्या दिरासमोर हूं नाही की चूं नाही. शेवटी कन्यादान अंकिताच्या काकानं करायचं ठरलं. आनंदराव "चालते, चालते" म्हणाले, आणि त्यांनी दुपट्टा डोळ्यांवर ओढून घेतला. झोप आली म्हणे. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

आता छायाच्या तोंडून निघून गेलं, "मंग इकडं या ना. आमच्याकडं काई इशारा-बिशारा नाई."

झालं, मोडलं लग्न आपल्या जिभेपायी, असं तिला वाटलं.

"घरात इचारून सांगतो," म्हणत विहीणबाईंनी फोन ठेवला.

दुपारी पुन्हा फोन आला तो अटींचं गाठोडं घेऊनच. बबनराव कसेबसे तयार झाले होते. वरात येईल. पण कूलर हवेत. मठ्ठा थंडगार हवा. आणि कार्यालय-बिर्यालय अजिबात नको, मांडव घराच्या अंगणातच हवा.

"माह्या गुडघ्याले पायऱ्या जमत नाई," विहीणबाईंनी फर्मावलं.

"यायचे गुडघे आन् आपली धावपळ," छाया पुटपुटली. पण चेहरा काही तिच्या ताब्यात राहिना. तिनं अख्ख्या गल्लीतले कूलर गोळा केले. मांडवावर घालायला जांभळाच्या डहाळ्या आणवल्या. आचाऱ्याला दोनदा रडवलं. आनंदरावांची दाढी मात्र तिनं स्वतः केली आणि घाईत गालाला कापलं. "नवरदेव मी नाई बापा," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना थट्टा सुचली होती.

लग्नाच्या दिवशी चौघांनी त्यांची खाट उचलून बोहल्यापाशी आणून ठेवली. कन्यादानाला त्यांनी पडल्या पडल्या ओंजळ पुढे केली. ओंजळीतलं पाणी खाली ओघळलं.

"बाबा, पाणी सांडून राह्यलं," अंकिता म्हणाली.

"सांडू दे माय. आपल्याच अंगणात सांडून राह्यलं ना."

छाया डोळे पुसायला कूलरच्या मागे गेली. तिथे आधीच आचारी उभा होता, तोही डोळे पुसत.

पंगत बसली आणि बबनरावांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि ताटावरच उसळले, "घ्या! नागपुरात पानबी हाललं नाई म्हणते! उगाच आलो न आपण एवढ्या दूर!"

छायानं आधी विहीणबाईंकडे पाहिलं. लग्नात वरमाय रुसते आणि तिची समजूत काढावी लागते, ती रीतच आहे. पण हा रुसवा रीतीचा नसणार. चार जिलब्या जास्तीच्या घेऊन ती विहीणबाईंपाशी गेली आणि खाली बसली.

"राग नका धरू, विहीणबाई. तुमाले सगळ्यायले फुकटचा तरास झाला."

विहीणबाईंनी आधी बबनरावांकडे पाहिलं. ते आता मठ्ठ्यात गुंतले होते. मग त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि छायाच्या कानाशी वाकल्या.

"आपलं ठरलं, त्याच सांजी लॉनवाल्याचा फोन आलता. इशारा मांगं घेतला, मांडव टाकतो म्हणे. मी म्हणलं, तुमच्याकडं नसंन बापा, आमच्या गल्लीत तं लय वारा सुटून राह्यला."