घरातली माणसं: तीन

नवरा जाऊन वर्ष झाल्यावर तिने त्याने घरातल्या दिव्यांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम उघडला. ती स्वतः प्रोग्रॅमर, तरी पहिल्याच ओळीला तिचा हात थांबला. ‘घरातली माणसं: तीन.’ त्याने तो स्थिरांक केला होता, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना कधीही न बदलणारा आकडा.

मन घट्ट करून तिने तिथे दोन लिहिलं, प्रोग्रॅम चालू केला आणि लेकीला दुपारचं झोपवून आली.

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीन होते.

तिने परत दोन केले आणि बघत बसली. उन्हात खिडकीचे पडदे संथ हलत होते. तिच्या डोळ्यांदेखत दोनाचे सावकाश तीन झाले.

आतून लेकीचा पेंगुळलेला आवाज आला, “आई, नको ना बदलूस. बाबांना सारखं उठून यावं लागतं.”