तोंडी परीक्षा

आज टाइप करून चालणार नव्हतं. हिंदीची तोंडी परीक्षा होती. ऑनलाइन शिकवणाऱ्या गीतांजली दीदींनी इंदूरहून फोन करून क्षमाला कालच सांगितलं होतं, की लेखी काम फार छान आहे, पण तोंडीला शून्य पडलं तर लेकीला, प्रणोतीला, सातवीत घालता येणार नाही.

प्रणोती सव्वा वर्ष झालं बोलत नव्हती. एका बुधवारी शाळेतून आली ती गप्पच. काय झालं ते शाळेने सांगितलं नाही, तिने तर नाहीच. घशात काही दोष नाही, म्हणाले डॉक्टर. तेव्हापासून खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधली मागची खोली हीच तिची शाळा. लॅपटॉपवर दीदी विचारायच्या, ती भराभर टाइप करून उत्तर द्यायची.

"हे बघ, हळू बोललीस तरी चालते," तिच्या कानावर हेडफोन नीट बसवत क्षमा म्हणाली. "माइक चांगला आहे, बाबांनी नवीन आणला. पाणी ठेवू का? ठेवतेच. भीती वाटून राहिली का? काहून वाटेल, दीदी तर आपल्याच आहेत." विचारायचं तिनेच आणि उत्तरही तिनेच द्यायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं.

प्रणोतीने हेडफोन काढून बाजूला ठेवला. वहीवर दोन शब्द लिहिले आणि वही आईकडे फिरवली.

'बाहेर जा.'

क्षमा बाहेर आली. मागे कडी लागली. दाराशीच ती मटाराच्या शेंगा घेऊन बसली. आतून स्पीकरवर दीदींचा आवाज आला, "प्रणोती बेटा, कैमरा बंद कर लो. कोई देख नहीं रहा. अपने घर के बारे में कुछ बताओ. जब मन हो. मैं रुकी हूँ."

मग काहीच नाही. क्षमा शेंगा सोलत राहिली. नवऱ्याला, केतनला काय सांगायचं ते तिने मनात ठरवून टाकलं. एक वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी बघू.

तेवढ्यात आत कोणीतरी बोललं. तिला वाटलं, दुसरी कुठली मुलगी मध्येच जोडली गेली असेल. आवाज जाडसर होता, किंचित घोगरा.

"मेरे घर में तीन लोग हैं. पापा फ़ैक्टरी जाते हैं. मम्मी घर पर रहती है."

घरात ती आई म्हणायची. ही मम्मी क्षमाला दुसऱ्याच कोणाची तरी वाटली.

"मम्मी पहले इतना नहीं बोलती थी. मैं नहीं बोलती, तो उसको दोनों का बोलना पड़ता है. थक जाती है. फिर मुझसे और भी नहीं बोला जाता."

"अच्छा," दीदी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "और कुछ?"

"बस."

या दिवसाचं क्षमाने सगळं ठरवून ठेवलं होतं. लेकीला छातीशी धरायचं, मदन महलला राहणाऱ्या सासऱ्यांना फोन करायचा, क्वार्टरच्या साऱ्या लाइनीत पेढे वाटायचे. आता ती उठलीसुद्धा नाही. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही.

दिवाळीत चकली तोंडात टाकताना प्रणोती "गरम" म्हणाली होती. एकच शब्द. सगळे धावले. अजून एकदा म्हण, अजून एकदा म्हण. कोणी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. त्यानंतर चार दिवस पोरगी जेवलीही नव्हती धड.

कडी निघाली. प्रणोती दारात येऊन उभी राहिली. कशी झाली, सोपी होती ना, दीदी काय म्हणाल्या, सगळे प्रश्न क्षमाच्या जिभेवर आले. तिने दातांवर दात दाबून धरले. जरा बाजूला सरकली फक्त. प्रणोती बसली. तिने मूठभर शेंगा उचलल्या.

फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीत केतन फॅक्टरीच्या गेटबाहेर येऊन फोन करायचा.

"झाली का परीक्षा?"

"झाली."

"हं." पलीकडून बसचा हॉर्न ऐकू आला. रोजचा प्रश्न विचारायला त्याने आज जरा वेळ घेतला. "बोलली का काही?"

क्षमाने हातातली शेंग पाहिली.

"माझ्याशी नाही," ती म्हणाली.

"चलो, होईल हळूहळू. तू टेन्शन नको घेऊ." फोन ठेवला गेला.

प्रणोतीचा अंगठा शेंगेवर थांबला होता. ती आपल्याकडे बघते आहे, हे क्षमाला कळत होतं. तिने मान वर केली नाही, तोंडही उघडलं नाही.

मग तिच्या शेजारी टच्कन एक शेंग फुटली.