नाकाने निवडलेली झाडं

"मावशी, आधी फूल बघा तरी. झाड काय नाकाने निवडतात?" रोपवाटिकेचा मालक हसत म्हणाला.

"नाक माझं, बाग माझी," आई म्हणाली. तिने डोळे मिटले आणि ती अनंताच्या पांढऱ्या फुलावर वाकली. बराच वेळ तशीच राहिली. कुणीतरी कानात काही सांगतंय आणि ती ऐकतेय, असं वाटत होतं.

हिरव्या जाळीतून ऊन गाळल्यासारखं खाली येत होतं. नुकतंच पाणी घातलेल्या कुंड्यांमधून वाफ निघावी तसा मातीचा वास येत होता. तिची मुलगी दोन रांगा पलीकडे झिनियांसमोर उभी होती. एकेका फुलापुढे थांबत होती, पुढे जायचं विसरत होती.

"गावठी गुलाब देऊ? वासाला त्याच्यासारखा दुसरा नाही."

"काटे नकोत."

"मग रातराणी?"

"ती रात्री जागते आणि दिवसभर झोपते. मला दिवसाही कामाला येणारं कुणीतरी हवं."

"सोनचाफा घ्या. पण फुलांचा बहर ओसरला की वास संपला, हे आत्ताच सांगतो. नंतर मला बोल लावू नका."

"म्हणून तर मरवा घेतेय. त्याला फुलाची गरज नाही. पानांना पाय घासला तरी वास सुटतो."

मालकाने मान हलवली. "बागेत रंग नाही म्हणजे जेवणात मीठ नाही हो, मावशी."

तेवढ्यात मागे खळ्ळकन आवाज झाला. मुलगी वाटेतल्या कुंडीला अडखळली होती.

"लक्ष कुठंय, ताई?"

"चुकलं," ती म्हणाली आणि खापऱ्या गोळा करायला बसली. आई तिच्याकडे बघत राहिली, मग तिने सोनचाफा उचलला.

रंगांचा विषय घरात नाजूक होता. बाबांचं सगळं आयुष्य रंगाच्या दुकानात गेलं. फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेकडेला त्यांनी लांबलचक वाफा केला होता. फाटकाशी फिकट पिवळी फुलं, मग शेंदरी, मग लाल, आणि पायरीशी येईपर्यंत गर्द जांभळी. दुकानातलं शेडकार्डच जमिनीवर उलगडून ठेवल्यासारखं. वासाचं झाड त्यात एकही नव्हतं. बाबांना वास येतच नसे. दूध करपून घर धुराने भरलं तरी ते पेपर वाचत बसत.

ते गेल्यावर मुलगी नोकरी सोडून घरी राहायला आली. गाडीसुद्धा विकून आली. दिवसभर पायरीवर बसून वाफ्याकडे बघायची. संध्याकाळ व्हायच्या आत घरातले सगळे दिवे लावून टाकायची.

"दुःख ताजं असलं की माणसाला अंधार सोसत नाही," शेजारच्या काकू म्हणाल्या. "होईल हळूहळू ठीक."

आणि आता आई तोच वाफा उपटायला निघाली होती.

"बाबा गेले, आता त्यांचे रंगही नकोत का?" रोपं उतरवून झाल्यावर मुलीने विचारलं.

आई कुदळीच्या दांड्याला पाचर ठोकत होती. "वाटेकडेची जागा मला हवी आहे."

"एक वर्ष राहू दे, आई. नंतर काढ. मला तो बघायचाय."

आईचा हात थांबला. "एका वर्षाने काय होणार आहे?"

"काही नाही." मुलगी दुसरीकडे बघायला लागली. "सहज म्हटलं."

"झाडाला मूळ धरायलाच वर्ष जातं, बाळा. आज लावलं तर तेव्हा उपयोगाचं." तिने कुदळ उचलली. "उपटत नाही. तुझ्या खिडकीखाली हलवते. मातीच्या गोळ्यासकट. एकही रंग चुकणार नाही, वचन."

तिने वचन पाळलं. बाबांचं शेडकार्ड खिडकीखाली गेलं, पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत, त्याच क्रमाने. वाटेवर फाटकाशी सोनचाफा आला, वळणावर मरवा, नळाशी पुदिना, आणि पायरीच्या दोन्ही बाजूंना मोगरा.

काही झाडं रुसली, मग हसली. आई त्यांच्यातून रोज हळूहळू चालायची, कधी डोळे मिटून, हाताने पानं चाचपत. काकूंनी मुलीला बाजूला घेतलं. "आईच्या डोळ्यांकडे बघ गं एकदा. मला काही बरं लक्षण दिसत नाही."

मुलीने चहा ओतता ओतता विचारलंच. "आई, नीट दिसतं ना तुला?"

"चहा बशीत चाललाय तुझा," आई म्हणाली.

मग एका सकाळी मुलगी पायरीवर आली आणि जागच्या जागी थिजली. आई फाटकाशी उभी होती. डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधलेली. सोनचाफा बहरला होता. आईने श्वास घेतला आणि चालायला लागली. हात पुढे नाहीत, पायात चाचपडणं नाही. वळणावर मरव्याला पाऊल घासलं, ती वळली. पुदिन्यापाशी थांबून नळाला हात लावला. स्वप्नात चालावं तशी आली. मोगऱ्याच्या वासात शिरली आणि तिचा पाय बरोबर पायरीवर पडला.

"आई!" मुलीचा आवाज फाटला. "कधीपासून? मला सांगायचं नाही का?"

आईने ओढणी सोडली. उजेडाने डोळे किलकिले केले.

"मला लख्ख दिसतं गं. तुझ्या सदऱ्याची बटणं एक घर चुकलीयेत, तेसुद्धा."

ती वर आली. मुलगी शाळेला निघाली असावी तसं आईने तिचं एकेक बटण काढून नीट लावलं. शेवटचं लावून झाल्यावर तिने ओढणीची घडी केली आणि मुलीच्या हातात ठेवली.

"आता तू. तुला दिसतंय तोवर वाट पाठ करून घे."