सुधारलेली चाल

बुवांनी सकाळपासून चादर मुठीत आवळून धरली होती. काहीतरी दुखत होतं, पण कुठं ते सांगता येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली होती. स्वतः रचलेल्या बंदिशी मात्र ते अजून शब्दांसकट गात होते.

“गाण्याचं काम मेंदूची दुसरी बाजू करते, काकू,” वाचोपचाराला येणारी मुलगी म्हणाली. “विचारायचं ते चालीत बसवा. जे दुखतंय तेवढं कदाचित गातील.”

“तीनशे बंदिशी यांच्या,” इंदुमती म्हणाली, “त्यांत मेली पोट दुखल्याची एकही नाही.”

लग्नाआधी ती त्यांचीच शिष्या होती. तिच्या गाण्याला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं, म्हणून चाळीस वर्षं तिनं गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. आता ती पलंगाशी बसली आणि घाबरत गायली, “पोट दुखे, पाठ दुखे, छाती दुखे माझी.”

बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग तीच चाल गाऊन दाखवली, नुसत्या सरगमीत. गंधार तेवढा कोमल केला होता, आणि चाल सुंदर झाली होती.

“अहो, शब्द म्हणा ना,” ती काकुळतीला आली.

त्यांनी बोटानं खुणावलं, पुन्हा. ती पुन्हा गायली. या वेळी गंधार आपोआप कोमल लागला.

“वा,” बुवा म्हणाले.

आजारपणात न गाता बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता. चादर मात्र मुठीतून सुटली नव्हती.