खरडलेला फोटो

आधार कार्ड शोधता शोधता अंजूच्या पेटीच्या तळाशी तो फोटो हाताला लागला, आणि कार्ड विसरून मंजू तो बघत बसली. दारात ऑटो उभा होता. तिकडे गोंदियाच्या दवाखान्यात अंजूला सलाईन लावलं होतं. सकाळी कॉलेजच्या फाटकाशी ती भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोरगी जेवत नाही, अंगात काही उरलेलं नाही.

फोटो दोन वर्षांपूर्वीचा, नागऱ्याच्या जत्रेतला. दोघी जुळ्या, एकच चेहरा, एकसारखे पिवळे कुर्ते. ऐन वेळी वारा सुटला आणि एकीचा कुर्ता पोटावर फुगला. ती आपणच, असं मंजूनं फोटो बघताक्षणी ठरवून टाकलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. मंजूची उलटी. आरशात तिला फक्त पोट दिसायचं आणि अंजूकडे पाहिलं की फक्त तिची उंच मान. काट्यावर तेव्हा दोघींचं वजन सारखंच भरायचं, तरी.

ते पोट तिनं कर्कटकाच्या टोकानं खरडलं. मग तोंडही खरडलं, भोक पडेपर्यंत. फोटो उशीखाली लपवला. दुसऱ्या दिवशी तो तिथं नव्हता.

आणि वेडीनं तो इतके दिवस जपून ठेवला होता! मंजूला भडभडून आलं.

"सापडलं का वो कार्ड?" म्हणत आई, कुंदाबाई, आत आली. तिनं फोटो हातातून ओढून घेतला. "अंजूचं तोंड कोणं खरडलं?"

"अंजूचं नाही, आई. माहं हाये. मीच खरडलं."

"तुहं कायचं? हात पाह्य ना तिचा."

दोघी ओळखू याव्यात म्हणून कुंदाबाई लहानपणापासून अंजूच्या मनगटात काळा दोरा बांधायची. फुगलेल्या कुर्त्याशेजारच्या हातात तो दोरा स्वच्छ दिसत होता. मंजूची नजर पोटावरून कधी हललीच नव्हती.

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मंजूनं फोटो आईच्या हातातून परत घेतला. उशीखालचा फोटो गेला तो दिवस तिला आठवला. त्याच संध्याकाळी अंजूनं पहिल्यांदा भाताचं ताट सरकवलं होतं.

"मले भूक नाही," ती म्हणाली होती, मंजूकडे न पाहता.