वरची कोरी ओळ

कारखान्याने तळ्यात सोडलेला पारा साहेबांनी आणि मी वीस वर्षं मोजला. पाण्यात कणभर, शेवाळात जरा जास्त, लहान माशांत त्याहून जास्त, मोठ्या माशांत कितीतरी पट आणि ते मासे खाणाऱ्या माणसांत सगळ्यात जास्त.

"विष खाणाऱ्यात साठतं," साहेब म्हणायचे. त्यामुळे आमचा तक्ता खालून वर भरायचा आणि सगळ्यात वर एक ओळ मोकळी सोडायची माझी पद्धत होती, पुढच्या खाणाऱ्यासाठी. 'माणूस'च्या वरची ओळ अर्थातच कोरी राहायची. साहेब त्यावरून माझी थट्टाही करायचे.

आज पाणी, शेवाळ, मासे आणि गावातल्या सगळ्यांच्या रक्ताचे नमुने तक्ता भरणाऱ्या यंत्रात घातले. एकजात शून्य!

साहेब चक्क नाचले. खिडकीखाली नुसता जल्लोष चालला होता. हात थरथरतात म्हणून चमचाही न धरणारी माझी आई सुईत दोरा ओवून सगळ्यांना दाखवत होती.

"अगं, पिसासारखं हलकं वाटतंय!" ती खालून ओरडली. "आतून कुणीतरी सगळं ओढून नेल्यासारखं!"

"जिंकलो, पोरी!" साहेबांनी डोळे पुसले. "लाव तो तक्ता पडद्यावर, बघू दे डोळे भरून."

मी लावला. आम्ही खालून वर वाचत गेलो. पाणी शून्य. शेवाळ शून्य. मासे शून्य. माणूस शून्य.

साहेबांचा हात माझ्या खांद्यावरच थिजला.

वरच्या ओळीत आकडा होता. आणि यंत्र अजून मोजतच होतं.